लोंढ्यांचा बाद माल

बायकांच्या कुर्त्याच्या बटणाला व्हर्नियर लावून त्याची जाडी मोजणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या भिंतीपलीकडे राहायला आला. व्हर्नियर म्हणजे कारखान्यात लोखंडाचे तुकडे मोजतात ती पट्टी. लोंढे ती शर्टाच्या खिशाला पेनासारखी अडकवतात. पेन मात्र त्यांच्याकडे कधीच नसतं. ते माझ्याकडून नेतात आणि परत आणत नाहीत.

आमच्या भोसरी-चाकण पट्ट्यात रविवारला फारसं कोणी विचारत नाही, कारखान्यांची सुट्टी गुरुवारची. मी चाकणच्या एका कंपनीत पर्चेसला आहे. आठवडाभर कंपनीच्या बसमध्ये हाडं खिळखिळी करून घ्यायची आणि गुरुवारी जरा उशिरापर्यंत लोळायचं, एवढीच माझी चैन. ती लोंढ्यांनी मोडीत काढली. गुरुवारी सकाळी अकराला भिंतीपलीकडून भोंगा वाजतो. खराखुरा कंपनीचा भोंगा, मोबाइलमध्ये भरून घेतलेला. तो थांबला की घसा खाकरल्याचा आवाज येतो आणि मग सुरू होतं, "फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट, जनरल शिफ्ट आणि बारमाही घरची शिफ्ट करणाऱ्या समद्या ताई-माईंना लोंढे गारमेंट्सचा नमस्कार. आपल्याकडं रिजेक्शन शून्य."

हे लोंढ्यांचं लाइव्ह. फोन तिवईवर उभा करायचा, त्याच्यापुढे आपण उभं राहायचं आणि घरबसल्या बायकांना कपडे विकायचे. हे काम एरवी बायका कशा करतात ते मी पाहिलं आहे. गोल दिवा असतो, मागे प्लॅस्टिकची वेल असते, विकणारी एक गिरकी घेते आणि लाडात येऊन म्हणते की शेवटचे दोनच पीस राहिलेत. लोंढे तिथे करड्या रंगाचा कंपनीचा शर्ट घालून ट्यूबलाइटखाली उभे राहतात. पायात सेफ्टी शूज. कुर्ता पायावर पडून जखमी झालेला माणूस माझ्या ऐकिवात नाही, पण लोंढे धोका पत्करत नाहीत.

माणूस दिसायला निरुपद्रवी. बुटके, टक्कल पडलेले, मिशी आखून घेतल्यासारखी. मूळचे बार्शीकडचे. भोसरीच्या एका कारखान्यात क्वालिटी खात्यात त्यांची हयात गेली. ती शेड बंद झाली, हे घरी बसले आणि चिंचवडला आमच्या इमारतीत आले. आता पर्चेस आणि क्वालिटी या दोन खात्यांचं सख्य किती असतं ते ज्याने कंपनीत काम केलंय त्यालाच कळेल. आम्ही घासाघीस करून स्वस्तात माल आणायचा आणि यांनी गेटवरच त्याला लाल चिठ्ठी लावून परत पाठवायचा. चांगल्या मालाला हिरवी चिठ्ठी, बाद मालाला लाल. माझी निम्मी नोकरी त्या लाल चिठ्ठ्यांशी भांडण्यात गेली, आणि घरी यावं तर शेजारी हे.

लोंढ्यांची फॅशन हा स्वतंत्र विषय आहे. त्यांच्या कुर्त्यांना नावं नसतात, नंबर असतात. दुसरीकडे कुठे 'मोगरा' असेल, 'राजसी' असेल. लोंढ्यांकडे 'एल-सात, रिव्हिजन बी'. डिझाइन ते आलेखाच्या कागदावर काढतात, समोरून, बाजूने आणि वरून. वरून कुर्ता कोण बघणार आहे, हे मी एकदा विचारलं होतं. "ड्रॉइंग अर्धवट ठिवायची सवय न्हाई मॅडम," असं उत्तर मिळालं. रंगांची नावं तर विचारू नका. एक असतो मशीन-हिरवा. एक प्रायमर-लाल, म्हणजे लोखंडाला गंज चढू नये म्हणून जो लावतात तो. एकदा त्यांनी एक तपकिरी आणला आणि कॅमेऱ्यासमोर अभिमानाने सांगितलं की हा थेट गिअर-ऑइलचा शेड आहे. तो कुणी घेतला असेल ती बाई मला एकदा बघायची आहे.

कापड ते पिंपरी कॅम्पातून स्वतः आणतात आणि दापोडीच्या एका बाईंकडून शिवून घेतात. शिवून आलं की एकेका कुर्त्याची तपासणी. त्याच कॅम्पातल्या एका बंद पडलेल्या दुकानातून त्यांनी पुतळा उचलून आणलाय. त्याचं नाक उडालेलं आहे आणि गळ्यात लोंढ्यांचा कंपनीचा जुना गेटपास आहे. त्या गेटपासावरचा लोंढ्यांचा फोटो आणि खाली मशीन-हिरवा लेडीज कुर्ता असं ते ध्यान आठवड्यातून एकदा जगाला दिसतं.

लाइव्हवर हा माणूस कुर्त्याची पुढची बाजू दाखवतच नाही. आधी उलटा करून आतली शिवण. मग बाहीचा जोड. मग बादलीत बुडवून रंग जातो का ते. सामान तोलायच्या काट्याला बटण अडकवून ते किती ओढल्यावर तुटतं ते. बायका खाली बिचाऱ्या लिहीत असतात, पीच कलर आहे का, लेंथ किती, दादा एकदा सरळ करून दाखवा. कुणी लिहिलं 'मीडियम साइझ हवा' की लोंढ्यांचा पारा चढतो.

"मीडियम हे माप न्हाई ताई, त्यो अंदाज हाय. फडताळातली टेप काढा, मोजा, मग बोला."

गिऱ्हाइकाला असं बोलून धंदा करणारा माणूस दुसरा नसेल. तरी लोक बघतात. त्यातले निम्मे जुने फिटर आणि टर्नर. ते खाली लिहितात, 'साहेब, टॉलरन्स किती?' आणि लोंढे खूश होऊन फरक किती चालेल ते सांगतात. मग ते फिटर बायकोसाठी एक मागवतात. माझ्या मुलीने, मुक्ताने, त्यांना एकदा समजावलं की काका, छोटे व्हिडिओ करा आणि मागे एखादं छान संगीत लावा. लोंढ्यांनी पुढच्याच व्हिडिओला पॉवर प्रेसचा आवाज लावला. धाड, धाड, धाड, आणि त्या तालावर तो नकटा पुतळा.

पण सगळ्यात हद्द म्हणजे त्यांचं ते 'एक हात'. लोंढ्यांचा कुठलाही कुर्ता घ्या, तो डोक्यातून घालायचा नसतो. डाव्या खांद्यापासून खाली कमरेपर्यंत टिचबटणं. सगळा कुर्ता डावीकडून दाराच्या फळीसारखा उघडतो. नंबर बदलो, रंग बदलो, बटणं डावीकडेच. आणि प्रत्येक लाइव्हला लोंढे स्वतःचा डावा हात पँटच्या खिशात घालतात आणि उजव्या हाताने ती बटणं लावून दाखवतात. टक, टक, टक. मग उघडून दाखवतात. मग परत. "बगा, एक हात. दुसरा हात लागला तर पीस परत पाठवा." भिंतीपलीकडे ही टकटक इतका वेळ चालते की माझं डोकं उठतं. मी मुक्ताला म्हणायचे, या माणसाने दुसरा हात गहाण ठेवलाय का? धडधाकट बाईला एका हाताने कुर्ता घालायची अशी काय घाई असते? कंपनीची बस चुकत असली तरी मी दोन्ही हात वापरते.

घरात बायको होती. म्हणजे आहे असं लोंढे सांगायचे. "मिसेस आराम करत्यात." मला कधी दिसली नाही. जिन्यात नाही, भाजीवाल्याकडे नाही, गच्चीवरच्या हळदीकुंकवाला नाही. मी माझ्यापुरता निष्कर्ष काढला होता की ती लाजेने आत बसते. नवरा सेफ्टी शूज घालून कुर्ते विकत असता तर मीही आतच बसले असते, आणि आतून कडी लावली असती.

आणि मग तो जांभळा कुर्ता आला. मुक्ताने मला आधी त्याचा फोटोच दाखवला.

मला मान्य करायला जड जातं, पण तो सुंदर होता. पिकलेल्या जांभळाचा रंग, गळ्याला बारीक सोनेरी पट्टी, बाही कोपराच्या जरा खाली. लोंढ्यांच्या हातून असलं काही निघेल यावर माझा विश्वास बसेना. बटणं डावीकडे होती, पण त्यांच्यावर कापडाची पट्टी अशी बेमालूम आली होती की ती आहेत हे कळत नव्हतं. आमच्या ऑफिसात साहेबांचा निरोपसमारंभ होता, आणि मी तिथे तो कुर्ता घालून जाणार हे मी बघताक्षणी ठरवलं. भिंतीला टेकून पलंगावर बसले आणि फोनवर लोंढ्यांचं लाइव्ह लावलं. पहिल्यांदाच, स्वखुशीने.

पीस भराभर गेले. मी माझं माप लिहीपर्यंत सगळे संपले. पण पुतळ्याच्या अंगावर एक होताच, आणि तो माझ्याच मापाचा दिसत होता. मी लिहिलं, 'पुतळ्यावरचा द्या.'

"त्यो न्हाई भेटायचा," लोंढे म्हणाले. "त्यो रिजेक्ट हाय."

पुतळ्याच्या बाहीला खरंच लाल चिठ्ठी होती. मग मला आठवलं की हे नेहमीचंच आहे. दर नव्या मालात त्यांच्या पुतळ्यावरचा एक पीस बाद असतो, आणि वर तोंड करून हे 'रिजेक्शन शून्य' म्हणतात. मी लिहिलं, 'डिफेक्ट दाखवा.'

पर्चेसच्या माणसाने क्वालिटीच्या माणसाला हे विचारायचं असतंच. चिठ्ठी लावलीस तर कारण दाखव. एरवी लोंढ्यांनी यावर तासभर भाषण दिलं असतं. पण आज हातात व्हर्नियर, तो उघडताहेत, मिटताहेत. तेवढ्यात बाकीच्या बायकांनाही चेव आला. दाखवा की दादा. चांगला पीस लपवून जास्त भावात विकणार का? सगळे असेच निघतात, आम्हाला वाटलं तुम्ही वेगळे. फिटर मंडळींनीही लिहिलं, साहेब, माप सांगा. लोंढ्यांनी हात पुढे केला आणि लाइव्ह बंद केलं. शेवटचा भोंगाही वाजवला नाही.

मला आनंद झाला, हे लपवत नाही. इतके दिवस दुसऱ्यांना माप विचारणारा आज मापात सापडला होता. मी चपला अडकवल्या आणि शेजारची बेल वाजवली.

लोंढे दारात आले. मला बघून बाहेर आले आणि दार मागे ओढून घेतलं.

"कुठे आहे डिफेक्ट?" मी विचारलं. "लाल चिठ्ठी लावली की कारण लिहावं लागतं, हे तुम्हीच लोकांना सांगता ना?"

"हळू बोला मॅडम."

"का हळू बोलू? मी रोख पैसे देऊन घेतेय."

ते सेफ्टी शूजकडे बघत राहिले. मग म्हणाले, "डिफेक्ट न्हाई."

लोंढ्यांना अशा आवाजात बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मग तिथेच, लिफ्टच्या दाराशी, त्यांनी तुटक तुटक सांगितलं. इथे राहायला यायच्या आधी त्यांच्या मिसेसच्या, सुमनवहिनींच्या, डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय बऱ्यापैकी सुधारला, हात गेला तो गेला. साडी एका हाताने नेसता येईना. दुसऱ्याकडून नेसवून घ्यायला त्या तयार नाहीत. आणि नवं काही अंगाला लावून घेत नाहीत.

"चार भिंतीत बसायचं तर माज्यावर नवं कापड घालवू नका म्हणती. आजाऱ्याचे गाऊन आणले तर फेकून दिले. म्हणून म्या हे काढलं. सगळ्यांनी घालायचं डिझाइन. त्यातला एक पीस बाद निघाला म्हणून घरात आणायचा. बाद माल फेकायचा न्हाई, येवढं तिला पटतं. मंग घालती."

"म्हणजे तुम्ही मुद्दाम बाद करता?"

"खिसा तिरका लावतो. एक टाका उसवतो. ती बगती ना मॅडम, टाका अन् टाका बगती. तिला खोटं चालत न्हाई." त्यांनी ओढून घेतलेल्या दाराकडे पाहिलं. "ह्यो रविवारच्या लग्नासाठी केला. तिच्या भाचीचं लग्न हाय, चिखलीला. घरातनं भाईर पडायला तयार झालीय, पैल्यांदाच. हा बाद करायला बसलो, हातात कात्री घेतली. न्हाई झालं माझ्याच्यानं."

तेवढ्यात आतून खणखणीत आवाज आला.

"कोन हाय वो? लिफ्टपाशी कुजबूज काय लावलीय? आत घ्या की."

मनात मी जी खंगलेली, लाजरी बाई धरून चालले होते ती ही नव्हतीच. खिडकीपाशी खुर्चीत चांगली भरदार बाई बसली होती. अंगात प्रायमर-लाल कुर्ता, त्याचा खिसा तिरका. डावा हात मांडीवर निपचित. मला बघून तोंडभर हसली.

"या ताई. तुमचा आवाज येतो की भिंतीतनं. लेकीला लई बोलता तुमी."

ती भिंत दोन्ही बाजूंनी पातळ आहे हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. मी तिथे बसून या माणसाबद्दल काय काय बोलले होते ते सगळं मला भरकन आठवलं.

"बरूबर बोलता पर," वहिनी म्हणाल्या. "सारी हयात लोकांचा माल बाद करण्यात घालीवली ह्यांनी, अन् सोताचा माल दर बारीला बाद. ह्यो खिसा बगा. ह्याच्या आदीचा हिरवा, त्याची पट्टी उलटी. कंपनीनं ह्यांना कसं पोसलं काय म्हाईत."

लोंढे भिंतीला टेकून उभे होते. गिऱ्हाइकाने 'मीडियम' म्हटलं तर चवताळणारा तो माणूस एक अक्षर बोलला नाही. बोलायची इच्छाही दिसली नाही. हे बोलणं त्यांना दर महिन्याला ऐकायला मिळतं, आणि ते ऐकण्यासाठीच ते खिसे तिरके लावत असावेत अशी मला शंका आली.

वहिनींनी पुतळ्याकडे बोट केलं. "आता ह्यो बगा. ह्यो बी बाद हाय म्हणत्यात. म्या सकाळपस्नं बगते, मला काय घावंना. चांगला माल माज्या अंगावर घालायचा डाव हाय ह्यांचा. विचारलं काय खराब हाय, तर बोलंनात. ताई, तुमी कंपनीत हाय न्हवं? तुमी सांगा. बाद असंल तर रविवारी घालून जाते. न्हाईतर तुमीच घिऊन जा, म्या काय जात न्हाई लग्नाला."

लोंढ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या हातात व्हर्नियर होता आणि त्यांना खोटं माप सांगता येत नव्हतं. टाका वाकडा घालणं त्यांना जमत होतं, कारण घातल्यावर तो खरोखरच वाकडा असतो.

मी कुर्ता पुतळ्यावरून उतरवला. उलटा केला. शिवण पाहिली, मुंढा पाहिला, गळ्याची पट्टी पाहिली. आजवर मी लोंढ्यांना जे जे बोलले त्यातला एक शब्दही मी मागे घेणार नाही. पण तो कुर्ता निर्दोष होता. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. आणि तो माझ्याच मापाचा होता, हेही मला दिसत होतं. 'चांगला आहे' एवढंच म्हणायचं होतं, आणि तो माझा होता.

मी खिडकीपाशी गेले आणि बाही कुर्त्याच्या अंगाला लावून उजेडात धरली.

"लोंढे," मी म्हटलं, "हा काय रंग म्हणायचा?"

"जांभळा," लोंढे म्हणाले.

"अंग जांभळं आहे. बाही वांगी आहे. दिसत नाही का तुम्हाला? आमच्या कंपनीत असा माल कुणी आणला तर आम्ही त्याला गेटच्या आत घेत नाही. डोळ्यांचा नंबर वाढलाय का तुमचा? सगळं आयुष्य काय फक्त जाडी मोजलीत? रंग बघायला व्हर्नियर चालत नाही, त्याला नजर लागते."

मालाला नावं ठेवणं हे माझं रोजचं काम आहे. एकदा तोंड सुटलं की मला जोर लागत नाही. मी पट्टीला नावं ठेवली, सोनेरी काठाला नावं ठेवली, हे असलं बायकांना विकायला लाज कशी वाटत नाही ते विचारलं. लोंढ्यांचा चेहरा लाल झाला. चांगला माल कुणी बाद ठरवला की क्वालिटीच्या माणसाचा होतो तसाच. ते एक पाऊल पुढे आले.

"मॅडम, एकाच ताग्यातलं..."

आणि थांबले. वहिनी त्यांच्याकडे बघत होत्या.

"व्हय," ते म्हणाले. "चुकलं."

"गप बसा तुमी. ताई बगायल्यात न्हवं?" वहिनींनी कुर्ता ओढून घेतला, उजेडात धरला आणि डोळे बारीक केले. "व्हय की वो. बाही काळपट हाय. तरी म्हणलं, ह्यांच्या हातनं चांगलं कसं काय निघंल."

लोंढ्यांनी बाहीवरची लाल चिठ्ठी काढून घेतली आणि खिशातल्या पेनाने तीवर कारण लिहिलं: 'रंग जुळत नाही.' पेन माझंच होतं. वहिनींनी तेवढ्यात तो कुर्ता अंगातल्या लालवरच चढवला. डावा हात उजव्या हाताने उचलून बाहीत घातला आणि खांद्यापासून बटणं लावत खाली आल्या. टक, टक, टक. भिंतीतून ऐकून ऐकून ज्या आवाजाने माझं डोकं उठायचं तो आवाज. कुणाची मदत लागली नाही. लावून झाल्यावर त्यांनी मान ताठ केली आणि आरशाकडे बघितलं.

मला रडू यायला लागलं, आणि लोंढ्यांसमोर रडायची माझी मुळीच तयारी नव्हती. म्हणून मी दोघांना सांगितलं की गुरुवारी तो भोंगा जरा हळू वाजवत चला, आणि घरी आले. संध्याकाळी त्यांच्या व्हिडिओखाली लिहिलं, 'तो जांभळा पीस मी स्वतः पाहिला. बाद आहे. पर्चेसवाली आहे, मला कळतं.' बायका गप्प बसल्या. एका फिटरने मात्र 'मॅडमना सलाम' असं लिहिलं, ते का ते मला कळलं नाही.

रविवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. सकाळी लिफ्ट खाली आली. इमारतीतल्या पाच-सहा जणी पार्किंगमध्ये उभ्या होत्या. लिफ्टमधून वहिनी निघाल्या, जांभळ्या कुर्त्यात, अंबाड्यात गजरा, हातात काठी. सगळ्या बघतच राहिल्या. एक जण म्हणाली, वहिनी, काय सुंदर कुर्ता आहे हो, कुठून घेतलात?

"घेतला कुठला, घरातलाच बाद माल हाय," वहिनी मोठ्याने म्हणाल्या. "बाही बगा की, रंगच जुळला न्हाई. ह्यांचं काम असंच. ताईंना इचारा पायजे तर."

मग त्या सगळ्या बायका वाकून वाकून बाही बघायला लागल्या, आणि नवल म्हणजे प्रत्येकीला ती जरा काळपट दिसली. हो की. खरंच की. जरा लक्ष द्यायला हवं होतं लोंढेकाकांनी. वहिनी त्या घोळक्याच्या मध्ये उभ्या राहून नवऱ्याला यथेच्छ नावं ठेवत होत्या, आणि कितीतरी दिवसांनी चार बायकांत उभं राहिल्याचं सुख त्यांच्या तोंडावर मावत नव्हतं.

लोंढे रिक्षापाशी उभे होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात तेच सेफ्टी शूज, खिशाला व्हर्नियर. लग्नाला व्हर्नियर कशाला लागतो ते विचारायला मी त्यांच्याजवळ गेले. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, वहिनींचं लक्ष नाही याची खात्री केली आणि माझ्याकडे वाकले. गेले तीन दिवस त्यांना झोप नसावी.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "तुमाला म्हणून सांगतो. तागा एकच हुता."

"माहीत आहे मला," मी म्हटलं. "बसा आता रिक्षात."